सनदेचे चाचे

आमच्या धर्माबादेला समुद्र नाही. गोदावरी आहे, तिच्यावर बाभळीचा बंधारा आहे, आणि त्या बंधाऱ्याचे दरवाजे केव्हा उघडायचे व केव्हा मिटायचे हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ठरवून दिलेले आहे. १ जुलै ते २८ ऑक्टोबर ते उघडे राहावेत असा निकाल आहे. म्हणजे नदीला पाणी असते तेव्हा ते अडवायचे नाही, आणि अडवायला मोकळीक मिळते तेव्हा पावसाळा सरलेला असतो. एवढ्याच पाण्याची ओळख असलेल्या बाईने जहाजांविषयी आणि समुद्री चाच्यांविषयी लिहावे, हा आगाऊपणाच आहे. त्यातून मी लिहिणार आहे ते एखाद्या ग्रंथाविषयी नव्हे, नाटकाविषयीही नव्हे, तर पोरांच्या एका खेळाविषयी. वाचकांनी फराळाच्या ताटावरून उठण्याआधी माझे एवढे ऐकून घ्यावे, की ह्या खेळाने मला माझ्याच एका कादंबरीतली चूक दाखवून दिली आहे. जी कृती असे करू शकते तिचे परीक्षण करायला हरकत नसावी, असे मला वाटते.

मे महिन्यात माझा भाचा हैदराबादहून सुटीला आला. त्या दिवसांत आमच्या गावात मिरचीखेरीज दुसरा विषय नसतो. आमच्या अंगणात सासूबाई देठ खुडत बसलेल्या, हवेला ठसका, आणि बाहेर ऊन असे की पोराला घराबाहेर सोडायची सोय नाही. त्याने पिशवीतून तळहाताएवढी एक डबी काढली, तिची तार टी.व्ही.ला जोडली, आणि दोन हातयंत्रांपैकी एक माझ्या हाती दिले. त्या डबीत जुन्या काळचे हजारो खेळ साठवलेले असतात म्हणे. मुले तिला रेट्रो कन्सोल म्हणतात. मला ती वस्तू अगदीच अनोळखी नव्हती. माझ्या शाळकरी वयात गावातली मुले तासावर पैसे भरून टी.व्ही.वर ‘मारिओ’ आणि ‘काँट्रा’ खेळत. मुलींनी तिथे जायची पद्धत नव्हती. दारावरून जाताना ऐकू येणारा तो टुणटुण आवाज तेवढा माझ्या वाट्याला आला होता. आता चाळिशी उलटल्यावर, मॅट्रिकपर्यंत शिकलेली आणि बालवाडीत मुले सांभाळणारी मी, दिवाणखान्यात मांडी घालून त्या खेळाला बसले.

खेळाचे नाव ‘सिड मायर्स पायरेट्स!’. मायक्रोप्रोज ह्या अमेरिकन कंपनीने तो १९८७ साली कमोडोर ६४ ह्या घरगुती संगणकासाठी काढला, आणि १९९१ मध्ये तो निन्टेंडोच्या यंत्रावर आला. मी खेळले ते हे दुसरे रूप. सिड मायर हे त्याच्या रचनाकाराचे नाव. त्याचे नाव शीर्षकात आले ते ह्याच खेळापासून. लेखकाचे नाव मुखपृष्ठावर असावे ही गोष्ट आपल्याला फार साधी वाटते, परंतु त्या धंद्यात ती तोवर रूढ नव्हती. मला मात्र त्या नावामुळे आरंभीच धीर आला. कुणीतरी एका माणसाने हे रचले आहे, तेव्हा त्याला जाब विचारता येईल, असे वाटले.

कथा सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या कॅरिबियन समुद्राची आहे. खेळणाऱ्याने आधी काळ निवडायचा, १५६० ते १६८० पर्यंतच्या सहा कालखंडांतला कोणताही. मग इंग्रज, फ्रेंच, डच की स्पॅनिश हे ठरवायचे, आणि एक गुण अंगी घ्यायचा: तलवारबाजी, तोफा, नौकानयन, वैद्यक किंवा गोड बोलणे. मी वैद्यक घेतले. भाचा म्हणाला, “मावशी, वैद्य होऊन काय लुटायलीस तू?” त्याचे उत्तर पुढे मिळाले, ते यथावकाश सांगते.

मग एक जहाज, मूठभर खलाशी आणि मोकळा समुद्र. तिथला वारा बहुतेक पूर्वेकडून वाहतो. पश्चिमेला जाणे हा दोन दिवसांचा खेळ, आणि त्याच वाटेने परत यायचे तर जहाज उलटसुलट तिरपे हाकत महिना घालवावा लागतो. शत्रूचे जहाज दिसले की तोफा, ती भिडली की तलवारीचे द्वंद्व. द्वंद्वाआधी हत्यार निवडायचे असते: लांब पल्ल्याची सडपातळ तलवार, मध्यम तलवार, नाहीतर जवळून जोरात बसणारी आखूड वाकडी. जिंकले की माल आपला. बंदरात गव्हर्नरला भेटावे, खानावळीत खलाशी भरती करावेत, व्यापाऱ्याला माल विकावा, पुन्हा निघावे. चित्रे ओबडधोबड आहेत, समुद्र म्हणजे निळा पाट आणि जहाज म्हणजे त्यावरची मुंगी. परंतु तासाभरात ते सगळे विसरायला होते. आमच्या दशावतारी मंडळींचा समुद्र एका लुगड्याच्या लाटेने होत असे, तेव्हा कुणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

ह्या खेळात दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटल्या. पहिली म्हणजे काळ. साहसकथेतला नायक म्हातारा होत नाही. १८८३ साली पुस्तकरूपाने आलेल्या ‘ट्रेझर आयलंड’पासून आमच्याकडच्या किल्ले आणि भुयारांच्या गोष्टींपर्यंत नायकाचे वय कथेच्या सोयीने थांबलेले असते. इथे तसे नाही. प्रत्येक सफरीला महिने लागतात, प्रत्येक जखम अंगात राहते, आणि दहाएक वर्षे समुद्रावर काढल्यावर आपला नायक तलवार उचलायला उशीर करू लागतो. बटण दाबणारा अंगठा तोच, पण पडद्यावरचा हात जड होतो. माझे वैद्यक इथे कामी आले. माझा कप्तान भाच्याच्या कप्तानापेक्षा उशिरा थकला. शेवटी आपण होऊन निवृत्त व्हायचे असते. मग जमवलेले सोने, मिळालेली जमीन, पदवी, लग्न आणि शोधून काढलेले नातलग ह्यांचा हिशेब होऊन उरलेले आयुष्य कसे गेले ते सांगितले जाते. राजाच्या सल्लागारापासून भिकाऱ्यापर्यंत काहीही. ‘तुम्ही जिंकलात’ असे खेळ कुठेच म्हणत नाही. केव्हा थांबायचे हे न कळणे हाच त्यातला पराभव. भाच्याचा कप्तान लोभापायी थांबला नाही आणि कफल्लक झाला. पोरगा दोन दिवस गप्प होता. बालवाडीत इतकी वर्षे बोधकथा सांगूनही इतका परिणाम झालेला मी पाहिलेला नाही.

दुसरी गोष्ट कागदाची. ह्या खेळाचे मर्म मला तलवारीत नव्हे, कागदात दिसले. दोन राष्ट्रांत युद्ध चालू असले की गव्हर्नर आपल्याला एक सनद देतो: शत्रूची जहाजे लुटा, ते आमच्या राजाचेच काम आहे. ती सनद हाती असली की प्रत्येक लुटीनंतर मान वाढतो, हुद्दा मिळतो, जमीन मिळते. आणि मग एके दिवशी आपण समुद्रावर असताना, आपल्याला न विचारता, दूर युरोपात तह होतो. काल जी लूट पराक्रम होती ती आज गुन्हा होते. जहाज तेच, तलवार तीच, खलाशी तेच. बदलतो तो फक्त कागद. मग माफीसाठी ह्या बंदरातून त्या बंदरात हिंडावे लागते. चाचा आणि सरदार ह्यांच्यामध्ये एका शाईच्या दौतीचे अंतर आहे, हे इतक्या साधेपणाने सांगणारी कादंबरी माझ्या वाचनात आलेली नाही.

ही कल्पना रचनाकाराने हवेतून आणलेली नाही, आणि तिचा सर्वांत करुण दाखला आपल्याच किनाऱ्यावरचा आहे. विल्यम किड ह्या कप्तानाला १६९६ साली इंग्लंडच्या राजाची सनद मिळाली होती. चाचे पकडावेत आणि फ्रेंच जहाजे लुटावीत, म्हणून. तो हिंदी महासागरात आला, कारवारला लागला, आणि १६९८ च्या आरंभी त्याने मलबार किनाऱ्यावर ‘केदाह मर्चंट’ हे मालाने भरलेले जहाज धरले. त्या जहाजाकडे फ्रेंचांचा परवाना होता, म्हणून ही लूट कायदेशीर आहे, असे त्याचे म्हणणे होते. परंतु त्याआधी, १६९५ मध्ये, हेन्री एव्हरी ह्या चाच्याने औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ हे हाजच्या यात्रेहून परतणारे जहाज लुटले होते, आणि इंग्रजांच्या सुरतेच्या वखारीवर बादशहाचा कोप झाला होता. कंपनीला आता कुणीतरी फासावर दिसायला हवा होता. किडवर लंडनमध्ये खटला चालला तेव्हा ते फ्रेंच परवाने सापडले नाहीत, आणि १७०१ मध्ये तो फासावर गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी ते कागद लंडनच्याच सरकारी दप्तरात मिळाले. ज्याने कधी सातबाऱ्यासाठी किंवा दाखल्यासाठी कचेरीचे उंबरे झिजवले आहेत, त्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

आणि इथेच मला कान्होजी आंग्रे आठवले. आठवले म्हणणेही बरोबर नाही, कारण मी त्यांच्यावर मुलांसाठी एक कादंबरी लिहिलेली आहे. १७१७ साली इंग्रजांनी विजयदुर्गावर, १७१८ साली खांदेरीवर हल्ले केले, १७२१ साली पोर्तुगीजांना बरोबर घेऊन कुलाब्यावर चाल केली, आणि तिन्ही वेळा हात हलवीत परत गेले. इंग्रजांच्या कागदांत त्यांचे नाव चाचा म्हणून आहे. आपल्याकडे ते छत्रपतींचे सरखेल, आरमाराचे प्रमुख. त्यांच्याकडूनही दस्तके दिली जात. दस्तक घेऊन चालणाऱ्या जहाजाला अभय, न घेणारे जहाज जप्तीला पात्र. पोर्तुगीज हेच दोनशे वर्षे ‘कार्ताझ’ नावाच्या परवान्याने करीत आले होते, इंग्रजही आपले परवाने देत. आपला कागद तो कायदा आणि दुसऱ्याचा तो दरोडा. आज मुंबईत नौदलाचा एक तळ आंग्र्यांच्या नावाने आहे, तर २००७ च्या एका अमेरिकन चित्रपटात चाच्यांच्या सभेत ‘श्री सुंभाजी’ नावाचा एक हिंदी चाचा आणून बसवला आहे, त्याचे आडनाव अंग्रिया. सनद कोणाच्या हाताने लिहिली गेली त्यावर सारे अवलंबून. माझी कादंबरी हेच सांगत होती, आणि ते सांगितल्याबद्दल मला समाधान होते. खेळानेही तेच सांगितले. तोवर आमचे दोघांचे छान जमत होते.

मग दोष दिसू लागले. पहिला दोष मी शोधला नाही. तो एका मुलीने शोधला. आमच्या गल्लीत एक कुटुंब दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाते आणि हंगाम संपल्यावर परत येते. त्यांची मुलगी पूर्वी माझ्या बालवाडीत होती, आता तिसरीत आहे. अधूनमधून ती खेळ बघायला येऊन बसे. मी एक जहाज धरले, त्यात साखर निघाली. मी ती मोठ्या बंदरात नेऊन विकली. मुलगी म्हणाली, “बाई, साखर हाय, मग ऊस कुटंय?”

मी तिला सांगितले, इथे ऊस दिसत नाही, नुसती साखर दिसते. “मग तोडतंय कोण?” ह्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर होते, खेळाजवळ नव्हते. कॅरिबियन बेटांवर ऊस तोडला तो आफ्रिकेतून साखळदंडांनी बांधून आणलेल्या माणसांनी. जहाजांच्या तळाशी त्यांना मालासारखे भरून आणीत. खेळातल्या जहाजावर साखर आहे, धान्य आणि तोफा आहेत, पण तो माल नाही. खेळात गुलाम विकावे लागले नाहीत हे बरेच झाले, असे कुणी म्हणेल, आणि तेही खोटे नाही. मी माझ्या भाच्याला तो व्यवहार करू दिला नसता. परंतु दाखवणे वेगळे आणि पुसून टाकणे वेगळे. तेथील सगळ्या संपत्तीचे मूळच गाळल्यावर समुद्र फार स्वच्छ दिसू लागतो.

ह्याच बाबतीत आणखी एक विचार मनात आला, तो लिहून ठेवते. खेळात सफर संपली की लुटीची वाटणी होते. कप्तानाचा वाटा ठरलेला, बाकीचा खलाशांचा. वाटणी लांबली की ते कुरकुरतात, पळून जातात. म्हणजे चाच्यांच्या जहाजावर आधी काम आणि नंतर वाटा. ऊसतोडीला जाणारा ‘कोयता’, म्हणजे नवराबायकोची जोडी, मुकादमाकडून आधी उचल घेते आणि मग हंगामभर ती फेडते. हंगाम संपला तरी कधीकधी उचल फिटत नाही आणि पुढच्या वर्षाला चिकटते. चाच्याचा खलाशी कुरकुर करू शकत होता. कोयत्याने कुरकुर केली तर पुढची उचल कोण देणार? त्या मुलीला मी हे काही सांगितले नाही. तिला ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असावे.

दुसरा दोष स्त्रीचा. खेळातल्या बऱ्याच बंदरांत गव्हर्नरला एक मुलगी असते. आपला हुद्दा वाढला की ती भेटते, एखादी गुप्त बातमी सांगते, आणि पुरेसा नावलौकिक झाला की तिच्याशी लग्न करता येते. महिनाभर खेळूनही तिचे नाव मला कळले नाही. लग्न झाल्यावरही ती त्याच बंदरात उभी असते आणि आपण आलो की बातमी सांगते. शेवटच्या हिशेबात सोने, जमीन आणि पदवी ह्यांच्या रांगेत तीही एक आकडा होते. मी रागावून भाच्याला म्हणाले, “ह्या पोरीला काय वाटतं ते कुणी विचारतच नाही बघ.” तो खेळात गुंतलेला, मान न वळवता म्हणाला, “तुझ्या पुस्तकातल्या त्या मडमेला तरी तू कुठं विचारलीस?”

मला क्षणभर कळले नाही तो कोणाविषयी बोलतो आहे. मग कळले, आणि हातातले यंत्र खाली ठेवावे लागले.

नोव्हेंबर १७१२ मध्ये कान्होजींच्या आरमाराने मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरची ‘अल्जेरिन’ नावाची नौका धरली. बरोबर कारवारहून निघालेले दुसरे गलबतही होते. त्या नौकेवर टॉमस चाउन नावाचा कंपनीचा एक नोकर आणि त्याची बायको कॅथरीन होती. लढाईत चाउन मारला गेला, कॅथरीन पकडली गेली, आणि पुढच्या वर्षी ३०,००० रुपये खंडणी घेऊन तिला सोडण्यात आले. माझ्या कादंबरीत हा प्रसंग आहे. गव्हर्नरची नौका धरली म्हणून किल्ल्यावर झालेल्या आनंदाला मी सात पाने दिली आहेत. कॅथरीनला अर्धे वाक्य: ‘एका मडमेसह’. तिचे नावसुद्धा मी लिहिले नव्हते.

आणि मला ते माहीत नव्हते, असेही नाही. जॉन बिडल्फ ह्या इंग्रज ग्रंथकाराने १९०७ साली मलबारच्या चाच्यांवर जे पुस्तक लिहिले, त्यात तिची हकीकत आलेली आहे, आणि मी ती सावकाश, शब्दकोश जवळ घेऊन वाचली होती. ती आईबापांबरोबर हिंदुस्थानात आली तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होती. जहाज कारवारला थांबले आणि तेथल्या वखारीचा प्रमुख, वयाने खूप मोठा असलेला जॉन हार्वे, ह्याच्याशी तिचे लग्न लावून देण्यात आले. तो वारल्यावर चाउन. तो तिच्या डोळ्यांदेखत गेला. सुटून आल्यावर गिफर्ड नावाच्या तिसऱ्याशी लग्न झाले, आणि तोही १७२१ साली दक्षिणेत अंजेंगोच्या वखारीवर मारला गेला. तेरा-चौदाव्या वर्षी बिजवराच्या वयाच्या माणसाला दिलेली मुलगी ही गोष्ट समजायला मराठी बाईला इंग्रजी यावे लागत नाही. माझ्या आजीचे लग्न असेच झाले होते. तरीही कॅथरीन शत्रूच्या जहाजावर होती, एवढ्यावरून मी तिला माल समजून मोजले. तीस हजारांचा माल.

कुणी म्हणेल, मुलांच्या पुस्तकात हे सगळे कुठे घालणार? वीरकथेला वीरकथाच राहू द्यावे. हे म्हणणे मी स्वतःशी बरेच दिवस घोळवले, आणि ते मला पटले नाही. कान्होजींचे मोठेपण तिच्या दुःखाने उणे होत नाही. बंदिवान बाईला किल्ल्यावर ठेवणारा, तिच्या मोबदल्यात तहाची बोलणी करणारा सेनापती हा नुसत्या तोफा डागणाऱ्या पुतळ्यापेक्षा कितीतरी मोठे पात्र झाला असता. मी त्याला त्या खोलीच्या दारापर्यंतही नेले नाही. दोष इतिहासाचा नव्हता, वयाने लहान वाचकांचाही नव्हता. सनद माझ्या हातात होती, आणि ती असली की लुटलेल्या जहाजात कोण होते ते बघावेसे वाटत नाही, एवढेच.

म्हणून ह्या खेळाविषयीचा माझा अभिप्राय दुहेरी आहे. काळाची आणि कागदाची जाण त्यात आहे, ती उत्तम कादंबरीला शोभेल अशी. मुलांनी तो अवश्य खेळावा. आईबापांनी मात्र शेजारी बसावे. तो खेळ काय दाखवत नाही, ते पडद्यावर लिहून येत नसते. कुणीतरी बाजूला बसून ‘ऊस कुठंय’ असे विचारावे लागते. पुस्तकांच्या बाबतीतही हेच खरे आहे.

भाचा जूनमध्ये हैदराबादला परत गेला. डबी त्याने माझ्यापाशी ठेवली आहे, दिवाळीत येतो म्हणाला आहे. मधल्या काळात मी कॅथरीनचे प्रकरण लिहायला घेतले. चार पाने झाली आहेत आणि अजून ती कारवारच्या बंदरातच आहे. तो आला की आधी त्यालाच वाचून दाखवीन. गल्लीतल्या त्या मुलीला मात्र दाखवता येणार नाही. वाचक हा अंक हातात घेतील तेव्हा तिचे आईबाप तिला घेऊन कारखान्याच्या वाटेला लागलेले असतील, आणि इकडे आमच्या घरी शंकरपाळ्यांसाठी साखर चाळायला काढलेली असेल.